अर्धी बेरीज

खोली क्रमांक सतरा. शेवटून दुसरा तास.
फळ्यावर एक उभी रेघ: ही मी, हे माझं घड्याळ.
रेघेतून तिरका निघालेला उजेड
समोर कशावर तरी आपटतो, परत येतो.
निघाला तेव्हा किती वाजले, आला तेव्हा किती.
पट्टी नको, साखळी नको, मोजणी खात्याचा माणूस नको.
बेरजेचं अर्धं म्हणजे केव्हा,
वजाबाकीचं अर्धं म्हणजे कुठे.

मागच्या बाकावरून नदाफांची रुखसाना:
"मॅडम, अर्धंच कशावरून?
जाताना रमतगमत गेला
आणि येताना पळत आला असेल तर?"

एकतीस वर्षं शिकवतेय, उत्तर तयार असतं:
एका घड्याळाला फक्त जाऊन-येऊन कळतं,
एकेरी कुणालाच कळत नाही,
म्हणून आपण अर्धं धरतो.
'धरतो' तिनं वहीत लिहिलं
आणि शब्दाभोवती गोल केला.

*

हवालदार हिंदुराव चौगले रडारवर होते,
नाव लिहायला बंदी असलेल्या एका टेकडीवर.
दोन तारखेला त्यांनी उत्तरेश्वर पेठेत पत्र टाकलं:
झालं का?
सव्वीसला उत्तर मिळालं:
तुमचं पत्र दारात आलं, त्याच घटकेला झाली.
मुलगी. सुमित्रा नाव ठेवलंय.
तारीख घालायची राहिली होती.

बाबांना तारीख लागत नव्हती.
दोन आणि सव्वीस, अठ्ठावीस, निम्मे चौदा.
डायरीत नोंद: चौदा तारखेस कन्यारत्न.
खाली, बारीक अक्षरात:
कोल्हापूर येथून बारा दिवस.

शाळेच्या दाखल्यावर चौदा. सेवापुस्तकात चौदा.
परवा पेन्शनच्या कागदांवर सही केली, तिथंही चौदा.

आई म्हणते, सात.
"मंगळवार हुता. नळाला पाणी नव्हतं.
पोस्टमन दारात, सुईण आत.
बारशापत्तोर थांबलो,
म्हटलं नाव तरी लिवावं पत्रात.
आणि ह्यो गडी मला तारीख सांगतोय!
मी हुतो की तिथं."

*

रंकाळा स्टँडवरून केएमटी पकडते.
पायाशी कुणाची तरी दुधाची किटली, झाकण नसलेली.
बस सरळ, एका चालीनं जाते
तोवर दूध घरातल्यासारखं सपाट;
आतून सांगता यायचं नाही
बस पळतेय की रस्ता.
दसरा चौकात वळण येतं
आणि दूध काठावर चढतं.
दूध खोटं बोलत नाही. वळलं कोण, ते त्याला कळतं.

बाबा रजेवर यायचे, परत जायचे.
वळणं सगळी त्यांच्या वाट्याला.
आई चुलीपुढं, एका रेघेवर.
भेटल्यावर तिचे केस जास्त पिकलेले दिसायचे.
तेवढ्या वेगानं काही होत नसतं,
सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही फरक मोठा म्हणायचा,
हे मला गणितानं माहीत आहे.

आणि हेही माहीत आहे:
दोन ते सव्वीस, मधल्या त्या दिवसांत
माझा जन्म बाबांच्या आधी नव्हता की नंतर नव्हता.
हिरव्या पडद्यापुढं रात्रपाळी करताना
त्यातल्या कुठल्याही दिवशी ते म्हणू शकले असते, 'आत्ता',
आणि त्यांना खोडून काढणारा निरोप
वाटेतच असता.
नेमकं मधलं 'आत्ता' त्यांनी उचललं.
माणूस नियमानं चालणारा.
समोर आरसा आहे, असं धरून चालले.
आरसा बारशापर्यंत थांबत नाही.

*

सातला आई शिरा करते.
चौदाला, बाबा होते तोवर, बाबा जिलेबी आणायचे,
गंगावेशीतून, कागदाला तूप फुटलेलं असायचं.
मधला आठवडा घरात कुणी मला
वय विचारत नसे.

उद्या रुखसानाला हे सांगावं का, ठरत नाही.
अभ्यासक्रमात नाही, आणि तास दोनच उरलेत.
पुसायचं राहिलं म्हणून मघाशी फळ्याकडं वळले
तर उभी रेघ तेवढी कुणीतरी ठेवली होती,
बाकीचं पुसलेलं.
तिच्या टोकाला खडूनं एक छोटा गोल.